दाखवायचे पैसे

आमच्या विट्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर वर्षी जून-जुलैत एक वाद पेटतो. थोरल्या काकांचं म्हणणं, जमीन-जुमला अडकवून पोरं इंग्लंडला पाठवायची आणि तिथं ती हॉटेलात भांडी घासणार, तर तोच पैसा इथं एखाद्या धंद्यात का घालू नये? आतेभावाचं म्हणणं, एमपीएससीच्या जागांची वाट बघत तिशी ओलांडण्यापेक्षा भांडी घासलेली बरी. मधेच कुणीतरी 'शिकवायचं आपण आणि फायदा गोऱ्यांचा' असं टाकतं. त्याला चार अंगठे पडतात आणि विषय कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो.

मी लीड्सला राहते. स्टुडंट व्हिसावर आले, शिकले, आता नोकरी करते. काकांचं मला अर्धं पटतं, आतेभावाचं थोडं जास्त. पण ज्या गोष्टीवर दोघंही अवाक्षर काढत नाहीत, ती मला सगळ्यात जास्त खटकते: दाखवायचे पैसे.

नियम थोडक्यात सांगते. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसासाठी पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि राहण्याखाण्याचा खर्च एवढी रक्कम बँकेत असल्याचं दाखवावं लागतं. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर हा खर्च दरमहा १,१७१ पौंड धरतात, तोही जास्तीत जास्त ९ महिन्यांचा. म्हणजे १०,५३९ पौंड, आपले बारा लाखांच्या आसपास, फी वेगळी. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी, एक दिवसही खाली आलेली चालत नाही. खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचं हवं. चुलत्याचं, मामाचं, आजोबांचं चालत नाही. शेअर चालत नाहीत, सोनं चालत नाही, जमीन तर नाहीच.

आता हा नियम खानापूर-तासगाव भागातल्या घरात नेऊन बघा. सात-बारा आजोबांच्या नावावर. द्राक्षबागेचा पैसा थोरल्या काकांच्या खात्यात येतो, कारण व्यवहार तेच बघतात. एक चुलता गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात तमिळनाडूत, त्याचा हात मोकळा, पण तो 'चुलता' आहे. ठेव गावातल्या पतसंस्थेत, कारण तिथं दर बरा मिळतो आणि चेअरमन ओळखीचा. घर खाऊनपिऊन सुखी, गावात पत आहे, कुणी दहा लाख शब्दावर देईल. आणि व्हिसाच्या कागदावर हे घर जवळजवळ कफल्लक.

बँकेत गेलं तरी तेच. साडेसात लाखांपर्यंत शैक्षणिक कर्ज सहसा तारणाशिवाय मिळतं, त्यावर तारण मागतात. तारण म्हणून शेतजमीन पुढं केली की मॅनेजर मान हलवतो. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, म्हणजे कर्ज थकलं तर बँकेला त्या कायद्याखाली ती जप्त करून विकता येत नाही. शेतकऱ्याची जमीन वाचावी म्हणून केलेली ही सोय आहे आणि ती असायलाच हवी. पण त्यामुळंच दहा एकर बागायतदाराला बँक म्हणते, बिगरशेती प्लॉट आहे का, सांगलीत फ्लॅट आहे का? ज्याचा सांगलीच्या विश्रामबागेत टू-बीएचके आहे त्याच्या पोराचं कर्ज मंजूर होतं, ज्याची बाग आहे त्याचं अडकतं.

या अडचणीतून एजंट जन्माला येतो. तो म्हणतो, काळजी करू नका, फंडचं आम्ही बघतो. कुणाकडून तरी महिन्याभरासाठी रक्कम वडिलांच्या खात्यात येते, व्याज आगाऊ कापलेलं असतं, वडिलांचा सही केलेला कोरा चेक देणाऱ्याकडं ठेवलेला असतो. २८ दिवस भरले, स्टेटमेंट काढलं, अर्ज गेला, पैसे परत. सगळे खूश. पूर्वी दुभत्या जनावरांच्या कर्जाची तपासणी आली की एकच म्हैस सकाळी या गोठ्यात आणि दुपारी त्या गोठ्यात बांधायचे, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की तेव्हा तपासणीसालाही ठाऊक असायचं.

घरी याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. 'सगळेच करतात', 'आपल्याकडं आहेच की, फक्त त्यांना दाखवता येत नाही'. मला यातलं दुसरं वाक्य खरं वाटतं. बागायतदाराची श्रीमंती या नियमाला दिसत नाही, आणि तो नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर पगारदार माणूस होता यात शंका नाही. पण नियम आंधळा असला तरी आकडा खोटा नाही. इथं राहायला खरोखरच तेवढे लागतात. लीड्समध्ये साधी खोली वीजपाण्यासकट ५५० ते ७०० पौंडांना पडते. म्हणून मी काकांना विचारते, पैसे दाखवायचे होते की लागायचे होते? जे पैसे २९व्या दिवशी परत गेले, ते पोरगं इथं कुठून आणणार आहे?

याचं उत्तर घरी तयार असतं: तिथं काम करेल. साताऱ्या-सांगलीत हे उत्तर फारच सहज येतं, कारण कर्मवीर अण्णांची 'कमवा आणि शिका' आमच्या रक्तात आहे. १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू झाली तेव्हापासून या भागात कष्ट करून शिकणं हा मान आहे, लाज नाही. माझ्या वडिलांच्या पिढीतले कितीतरी जण तसेच शिकले. पण अण्णांच्या योजनेत काम देणारी आणि शिकवणारी संस्था एकच होती. परीक्षा आली की काम मागं सरायचं. इथल्या गोदामातल्या शिफ्ट मॅनेजरला तुमच्या परीक्षेशी काही देणंघेणं नाही, आणि सरकारनं तासांवर कुंपण घातलेलं आहे.

ते कुंपण असं. पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला असलेल्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार. या आठवड्यात दहा केले म्हणून पुढच्या आठवड्यात तीस, असं चालत नाही. एक वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळ्यात प्रबंध लिहायचा असतो, त्यामुळं ती सुट्टी धरली जात नाही आणि उन्हाळ्यातही वीसच तास राहतात. हे ऐकून निम्मी पोरं जूनमध्ये हबकतात. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी किमान वेतन ताशी १२.७१ पौंड आहे. वीस तासांचे २५४ पौंड, चार आठवड्यांचे हजाराच्या जरासे वर. काम पहिल्या दिवसापासून मिळालं तर यात खोली आणि जेवण कसंबसं भागतं. ते पहिल्या दिवसापासून मिळत नाही, दोन-तीन महिने सहज जातात. आणि मास्टर्सची फी १८ ते २५ हजार पौंडांच्या घरात. ती या पैशातून निघेल असं ज्यानं तुम्हाला सांगितलं, त्यानं बेरीज केलेली नाही किंवा केली आणि तुम्हाला दाखवली नाही.

मग पोरगं काय करतं? एकविसावा तास करतं. मग तिसावा, रोखीनं, कमी दरानं, कारण मालकालाही कळतं की हा तक्रार करणार नाही. नाहीतर कुणाच्या तरी नावावरचं खातं भाड्यानं घेऊन खाण्याची पार्सलं पोचवतं. गावी वाटतं, डिलिव्हरीत काय वाईट, कष्टाचंच काम आहे. कष्टाचं आहेच. पण ॲपवरचे हे रायडर स्वयंरोजगारी गणले जातात आणि स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करायला मनाई आहे. म्हणजे तिथं वीस तासांचा प्रश्नच येत नाही, एक तासही चालत नाही. मिरज तालुक्यातल्या एका मुलाला हे मी इथल्या बसस्टॉपवर उभी राहून समजावलं, तर तो म्हणाला, 'ताई, मग हप्ता कोण भरणार?' तो मला उद्धटपणे बोलला नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं, आणि माझ्याकडं नव्हतं.

काकांच्या पिढीला एक गोष्ट पटवणं फार अवघड जातं. त्यांच्या लेखी व्हिसा म्हणजे जात प्रमाणपत्रासारखा, एकदा मिळाला की फाइलला लावायचा. व्हिसा आला की चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर आमदारांचा फोटो पोरापेक्षा मोठा. प्रत्यक्षात हा व्हिसा विद्यापीठाच्या जबाबदारीवर दिलेला असतो. विद्यापीठ हा विद्यार्थ्याचा प्रायोजक. हजेरी घसरली, फीचा दुसरा हप्ता थकला, नाव कमी झालं, तर ते सरकारला कळवणं विद्यापीठाला भाग असतं. त्यानंतर व्हिसाची मुदत कापली जाते, बहुतेक वेळा ६० दिवस देऊन. विद्यापीठं यात दयामाया का दाखवत नाहीत, याचंही कारण आहे. त्यांनी ज्यांना प्रवेश दिला त्यांतले किती व्हिसात नाकारले गेले, किती खरंच हजर झाले, किती जणांनी अभ्यासक्रम पुरा केला, यावर त्यांचा स्वतःचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना टिकतो. नकाराचं प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली ठेवण्याचा नियम होता आणि ब्रिटिश सरकारच्या २०२५ च्या श्वेतपत्रिकेत तो आणखी कडक करण्याचा इरादा जाहीर झाला. म्हणून आता ऑफर देण्याआधी विद्यापीठच मुलाखत घेतं आणि विचारतं, फीचे पैसे कुठून आले? ज्या मुलाला वडिलांच्या खात्यात अचानक आलेल्या रकमेचा धनी माहीत नसतो, तो तिथं अडखळतो. आणि खोटी कागदपत्रं दिल्याचं सिद्ध झालं तर दहा वर्षं ब्रिटनचं दार बंद. एजंटच्या नव्हे, मुलाच्या नावावर.

जर्मनीची पद्धत मला यापेक्षा प्रामाणिक वाटते. तिथं वर्षाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात आधी भरावे लागतात आणि तिथं पोचल्यावर महिन्याला ९९२ प्रमाणे तेच पैसे हातात येतात. उसने आणून परत करण्याची सोयच नाही, कारण त्यांवरच जगायचं असतं. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्कही नाही. आमच्याकडं मात्र जर्मनीचं नाव काढलं की 'भाषा कोण शिकणार' म्हणतात. वीस लाखांचं कर्ज डोक्यावर घेण्यापेक्षा सहा महिने भाषा शिकणं स्वस्त पडेल, असं मी म्हणते, आणि कुणी ऐकत नाही.

काकांना हे वाचून वाटेल, पोरगी शेवटी आपल्याच बाजूला आली. तसं नाही. पैसे नाहीत म्हणून जाऊच नये, असं माझं म्हणणं नाही. पैसे खरे होईपर्यंत थांबावं, एवढंच. आमच्या भागात थांबणं म्हणजे हरणं समजतात, 'वर्ष वाया गेलं'. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला भीमरावांचं नाव दाखल झालं, तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्याच बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यावर लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परत यावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात त्यांनी शिकवलं, पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेतली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. ती मधली वर्षं वाया गेली असं अजून तरी कुणी म्हटलेलं नाही.

आणि ग्रुपवर भांडायचंच असेल तर जिल्ह्यातल्या बँकांशी भांडा. बेदाणा शीतगृहात ठेवून त्याच्या पावतीवर कर्ज मिळतं, उसावर मिळतं, ट्रॅक्टरवर मिळतं. मग बागायतदाराच्या गेल्या काही वर्षांच्या सौदापट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या, आणि ऊसबिलं बघून त्याच्या पोरीला शिक्षणासाठी कर्ज देण्याचा रस्ता का निघू नये? पैसा खरा आहे, फक्त त्याचा कागद व्हिसावाल्याला वाचता येईल असा करून हवा आहे. हे काम एजंटनं उसन्या रकमेनं करण्यापेक्षा बँकेनं खऱ्या कर्जानं करावं.

तासगावच्या एका मावसबहिणीच्या मुलीला यंदा सप्टेंबरची ऑफर होती. बेदाणा शीतगृहात, भाव पडलेला, आणि एजंट फंड लावून द्यायला तयार. मी तिच्या वडिलांशी तासभर बोलले. सप्टेंबर सोडा, जानेवारीचा इनटेक आहे का विचारा, दिवाळीच्या तोंडावर माल काढा, नोव्हेंबरभर पैसा तुमच्याच खात्यात राहू दे. विद्यापीठानं दोन मेलींत होकार दिला आणि भरलेलं डिपॉझिट जानेवारीला वळवून घेतलं. एजंट मात्र तेव्हापासून फोन उचलत नाही. मुलगी कॉलेजात हजर झाल्याशिवाय विद्यापीठाकडून त्याचं कमिशन निघत नाही, आणि ते आता चार महिने लांबलंय.