लेडी बार्बराला कुणी पुरावा मागितला नाही

संभाजी महाराजांवरच्या हिंदी चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये महाराज लेझीम खेळताना दिसले, त्यावरून जानेवारी २०२५मध्ये वाद पेटला आणि दिग्दर्शकांनी ते दृश्य काढून टाकलं. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तेव्हा दुसरा विषय नव्हता. इथे लंडनमध्ये मला मात्र सारखा आठवत होता १९४५चा ब्रिटिश चित्रपट ‘द विकेड लेडी’.

गोष्ट सतराव्या शतकातली. बार्बरा मैत्रिणीचा ठरलेला नवरा पळवते, मोठ्या जहागिरीची मालकीण होते आणि तिथे कंटाळून जाते. एकदा पत्त्यांच्या डावात ती आईचा ब्रोच नणंदेला हरते. तो परत मिळवायला पुरुषाचे कपडे चढवते, तोंडाला फडकं बांधते आणि पिस्तूल रोखून नणंदेचीच घोडागाडी अडवते. ब्रोच हाती येतो, पण बाई थांबत नाही. तिला आता यात मजा यायला लागलेली असते, आणि मार्गारेट लॉकवूडने ती मजा अशी रंगवलीय की आपणही बार्बराच्या बाजूचे होऊन जातो.

समीक्षकांनी चित्रपटाची सालटी काढली. प्रेक्षकांनी, त्यातही बायकांनी, थिएटरं भरून टाकली. १९४६मध्ये ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त चाललेला चित्रपट हाच. सहा वर्षं युद्धात गेलेली, कापड अजून रेशनवर, आणि पडद्यावर हे घोळदार रेशमी झगे! अमेरिकेत झग्यांचे गळे फार खोल ठरले, म्हणून काही दृश्यं पुन्हा चित्रित करावी लागली. म्हणजे वाद याही चित्रपटावर झाले. पण बार्बराचा पुरावा दाखवा, असं कुणी म्हणालं नाही.

दोन्हींची सरसकट तुलना करता येत नाही. बार्बरापुढे कुणी मुजरा करत नाही. महाराजांबद्दल लोक हळवे असणारच, आणि परदेशात बसून त्याला नाकं मुरडणं मला पटत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्या पडद्यावरचा भूतकाळ सगळा थोरामोठ्यांनीच व्यापलाय. त्यातली बाई एक तर वीरमाता, नाही तर औक्षण करणारी पत्नी, नाही तर आनंदीबाईंसारखी कारस्थानी. कुठल्याच बखरीत नसलेली, वाड्यातल्या दिवसांना विटलेली, रात्री घोड्यावर मांड टाकून बाहेर पडणारी बाई का नसावी? तिच्यासाठी कागदपत्रं मागायला कोण येणार? लेखकाला मोकळं रान आहे, आणि ते ओस पडलंय याचं मला खरंच वाईट वाटतं.

बार्बराला शेवटी गोळी लागतेच. १९४५ साली तिला मोकळं सोडणं चित्रपटवाल्यांना जमलं नाही. मराठीत कुणी अशी बाई लिहायला घेतली, तर तिला मारू नका, एवढी माझी विनंती आहे.