कृपया भोकं बुजवू नयेत

भिंतीवर ओलीचा डाग उमटला की आल्यागेल्याच्या अंगात इंजिनिअर संचारतो. माणसाला ताप आला तर लोक निदान डॉक्टरचं नाव सुचवतात. भिंतीच्या बाबतीत तेवढाही विनय नाही. वाऱ्यासकट पाऊस झोडपून गेला की आमच्या खिडकीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत डाग उठायचे. मामांनी नखाने पोपडा खरवडला, हुंगला आणि निदान केलं, "वरची टाकी गळतेय." वर टाकी नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग पाइप." पाइपही नाही हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की टाकी मीच कुठेतरी लपवली असावी. मेहुण्याचा मात्र एकच मंत्र: "दाजी, बाहेरून वॉटरप्रूफ कोट मारून टाका."

आता आमची भिंत पोकळ आहे. म्हणजे एक नव्हे, दोन भिंती आणि मध्ये 50 मिलिमीटरची मोकळी जागा. आतली घर सांभाळते, बाहेरची पावसात भिजायला नेमलेली. बाहेरची भिंत गळणारच, हे बांधणाऱ्याने पहिल्या दिवसापासून धरून चाललेलं असतं. वीट आणि मसाला यांच्यामध्ये केसाएवढ्या फटी राहतात आणि वारा त्यांतून पाणी आत रेटतो. ते पाणी बाहेरच्या भिंतीच्या पाठीवरून पोकळीत खाली उतरतं आणि खास ठेवलेल्या भोकांतून निमूट बाहेर पडतं. आतल्या भिंतीला पत्ताही लागत नाही. हे मामांना समजावताना मी 'गळणारच' म्हणालो आणि चर्चा तिथेच संपली. "गळणार हे ठाऊक असून दोन-दोन भिंतींचे पैसे दिलेत?"

मध्येच खिडकी आली की हे उतरणारं पाणी नेमकं तिच्या डोक्यावर येतं. म्हणून लिंटेलवर, म्हणजे खिडकीच्या डोक्यावरच्या आडव्या तुळईवर, पोकळीत एक ट्रे घालतात. त्याची वरची कड आतल्या भिंतीत खोवायची, खालची बाहेरच्या भिंतीतून काढायची, मधला उतार निदान 150 मिलिमीटरचा ठेवायचा आणि दोन्ही टोकं वर दुमडून बंद करायची. शेवटचं काम दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी आलं तर राहून जातं. टोकं उघडी राहिली की ट्रेवरचं पाणी कडेने सांडतं आणि खिडकीचे कोपरे धरतं. आमच्याकडे तसंच झालं होतं. पण पाण्याला पुढे भोकांची सोपी वाट होती तोवर बरंचसं तिकडूनच जायचं आणि कोपरे कसेबसे कोरडे राहायचे.

मग घराला बाहेरून रंग काढला.

रंगारी माणूस अतिशय सज्जन. जाताना म्हणाला, "साहेब, तुमच्या गवंड्यानं विटांमधले सांधे भरताना कामचुकारपणा केला होता. खिडकीच्या वर उभे सांधे उघडेच सोडलेले. मी सगळे सीलंटनं भरले. त्याचे वेगळे पैसे नकोत." हे उघडे सांधे म्हणजेच पाणी बाहेर सोडणारी ती भोकं. ब्रिटिश पद्धतीत त्यांच्यामधलं अंतर 900 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि खिडकी केवढीही असली तरी तिच्यावर निदान दोन लागतात. अमेरिकेतले वीटकामवाले आणखी सावध. उघडे सांधे ठेवायचे तर ते सुमारे 600 मिलिमीटरवर एक ठेवतात. आमच्या रंगाऱ्याने कुठल्याच देशाचा मुलाहिजा ठेवला नाही. जाता जाता त्याने जमिनीलगतची भोकंसुद्धा भरली. फुकट केलेल्या कामात इतकी सफाई मी पुन्हा पाहिलेली नाही.

पुढे वॉटरप्रूफिंगवाल्याचा प्रतिनिधी आला. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर डब्यात होतं. मी म्हटलं, कोटाला चीर गेली तर पाणी आत जाणार आणि कोटामुळेच सुकणार नाही, त्याचं काय? वर विटेतले क्षार कोटाच्या मागे साठून त्याचेच पोपडे काढतील. तो म्हणाला, "मग दुसरा कोट." त्याचा धंदा मला गवंड्यापेक्षा भरवशाचा वाटला.

शेवटी खात्री करायला मी भिंतीवर नळी सोडली. ही चाचणी खालून वर करायची असते. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि पाणी कुठून शिरलं ते कळत नाही. त्यामुळे लख्ख उन्हात, स्वतःच्या घराच्या एकाच भागावर बराच वेळ पाणी मारत मी उभा होतो. रस्त्याने जाणारे आधी थांबत, मग पावलं उचलत. मामा खिडकीत बसून आतून बातम्या देत होते: "कोरडं आहे... कोरडं... आलं! डाव्या कोपऱ्यात आलं!" डाग उठल्याचा त्यांना झालेला आनंद मी विसरू शकत नाही.

गवंड्याने भिंत पाहिली आणि म्हणाला, "सीलंट कोण कोरत बसणार? वरच्या थरात नवीन भोकं पाडू."

"पण ट्रे खाली आहे. पाणी वर कसं चढणार?"

"साचलं की चढेल ना साहेब."

ड्रिल ट्रेतून आरपार गेलं असतं तर बघायलाच नको होतं. समजूत पटल्यावर मात्र त्याने काम नेटकं केलं. थोड्या थोड्या विटा काढत त्याने ट्रेला टोकं बसवली, सीलंट कोरलं आणि किडे शिरू नयेत म्हणून भोकांत जाळी घातली. विटा निघाल्यावर आतला इतिहासही दिसला. दोन भिंतींना बांधणाऱ्या तारेच्या पट्ट्यांना मध्ये पीळ दिलेला असतो, तो त्यांच्यावरून आत निघालेलं पाणी तिथेच खाली टपकावं म्हणून. त्या पिळावर बांधकामाच्या वेळी थापीवरून पडलेला मसाला बसून पाण्यासाठी पक्के पूल तयार झाले होते. पोकळी साफ ठेवायची पद्धत सोपी आहे: मध्ये फळी टाकायची, थर चढतील तशी वर ओढायची आणि पडलेला मसाला तिच्याबरोबर काढायचा. "फळी होती," आमचा गवंडी विटेचा धुरळा झाडत म्हणाला, "पण त्या वेळी तिच्यावर कुणीतरी बसलेलं असणार."

त्यानंतर कोपरे सुकले, पण बेल थांबली नाही. पाऊस लागला की कुणी ना कुणी भिजत येऊन कळकळीने सांगतं. परवा एक गृहस्थ छत्री मिटून म्हणाले, "अहो, तुमच्या भिंतीतून पाणी गळतंय."

"कुठून?"

"खिडकीच्या वर. दोन भोकांतून."

"दोनच?" मी चपला शोधू लागलो. "तीन आहेत हो!"