नखं नव्हे, बोटाचं पेर जातं

लेखाखाली एका ताईंनी विचारलंय, मांजर सोफा ओरबाडतं, तर नखं कायमची काढून घ्यावीत का. अजिबात नको. मांजराचं नख हाडातूनच उगवतं, म्हणून या ऑपरेशनात प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर कापतात. पुढच्या दोन पायांची मिळून दहा. हाडाचा तुकडा आत राहिला तर नख वेडंवाकडं परत येतं. पाय दुखले की मांजर शी-शूसाठी वाळूत जाणं टाळतं, आणि नखं नाहीत म्हणून चावतं. वर आपल्याकडे बेळगाव-खानापूरला मांजर घरात कोंडून कोण ठेवतं? गल्लीतलं कुत्रं मागे लागलं तर कौलांवर चढणार कसं?

दर दोन-तीन आठवड्यांनी फक्त टोक कापा. बोट वरून-खालून हलकं दाबलं की नख बाहेर येतं. आतला गुलाबी भाग म्हणजे रक्तवाहिनी, तिच्या दोन मिलिमीटर अलीकडेच थांबा. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉर दाबून धरा. एका बैठकीत दोनच बोटं झाली तरी चालतं.

ओरबाडायला अडीच-तीन फुटी लाकडी खांबाला सुंभ घट्ट गुंडाळा. बूड जड हवं. खांब एकदा डुगडुगला की मांजर त्याकडे फिरकत नाही. तो सोफ्याला लागूनच ठेवा, कोपऱ्यात नको. काही मांजरांना आडवंच आवडतं, त्यांना गोणपाट पुरतं.

पोराला ओरखडा लागला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.