यादी नावांची आहे, जातींची नाही

नमस्कार. रोटिफर म्हणजे पाण्यातले, सूक्ष्मदर्शकातून दिसणारे इवलेसे प्राणी. त्यांच्या शास्त्रीय नावांची यादी पक्की करण्याच्या कामावर मी लेख लिहिला, त्यावर तुम्ही चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया दिलीत. तिचा रोख थोडक्यात असा: मूठभर तज्ज्ञांनी बसून जुनी नावं बाद करणं ही दादागिरी आहे, जाती म्हणजे बदलत जाणारा अंदाज, त्याला यादीत कोंडून चालत नाही, आणि डीएनए हाताशी असताना लॅटिनचं हे सोवळंओवळं हवंच कशाला?

आधी माझी चूक. लेखात दोन ठिकाणी मी 'जातींची प्रमाणित यादी' असं लिहून गेलो. यादी नावांची आहे. तुमचा दुसरा आक्षेप माझ्या या ढिलाईतूनच आला असणार, तेव्हा तो माझ्या खात्यावर मांडा. (त्यात मराठीचा घोळ वेगळाच. विश्वकोशात स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस म्हणजे प्रजाती. वर्तमानपत्रं स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. मी विश्वकोशाच्या बाजूचा.)

प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता अमुक जाती खरी की खोटी यात पडतच नाही. तुम्ही ज्याला वेगळी जाती मानता, तिला कोणतं नाव लागेल एवढंच ती सांगते. यादीतल्या दोन नावांचे प्राणी एकच आहेत असं उद्या कुणी दाखवलं तर त्यानं खुशाल ते एक करावेत. त्याला कुणी अडवणार नाही.

मग यादी हवी कशाला? फुलपाखराला टाचणी टोचून ठेवलं की दोनशे वर्षांनीही ते पेटीत असतं. नावाबद्दल वाद झाला तर पेटी उघडून बघता येतं. रोटिफराचं तसं नाही. डेलॉइड गटातले तर फॉर्मॅलिनचा थेंब पडताच आक्रसून गोळा होतात, आणि त्या गोळ्यावरून जाती ओळखणं जवळपास अशक्य. त्यामुळे जुन्या कितीतरी नावांमागे उरलंय काय, तर लॅटिनच्या दोन ओळी आणि एखादं चित्र. तेही त्या काळच्या भिंगातून दिसलं तसं. नामकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं आपल्या 'सिस्टेमा नॅचुरे' ग्रंथाच्या 1767 च्या आवृत्तीत अशा किरकोळ दिसणाऱ्या सूक्ष्मजीवांना 'केऑस' या प्रजातीत कोंबलं होतं. नाव ठेवावं तर असं.

अडचण ही की, कुणालाच ओळखू न येणारं नावही संहितेच्या लेखी जिवंत राहतं. 1758 पासून नियमानुसार छापलेलं प्रत्येक नाव 'उपलब्ध', म्हणजे वापरायला ग्राह्य, असतं, आणि जुनं नाव नव्याला मागे सारतं. म्हणजे कुणीही जुनी पोथी उघडून, 'हे नाव खरं तर याच प्राण्याचं' असं म्हणत रुळलेलं नाव उडवू शकतो. यावर एक तोडगा संहितेत आहे: जुनं नाव 1899 नंतर वैध म्हणून कुणी वापरलेलं नसेल, आणि नवं नाव गेल्या 50 वर्षांत किमान 10 लेखकांच्या किमान 25 लेखनांत, निदान 10 वर्षांच्या कालावधीत आलेलं असेल, तर नवं टिकतं. पाळीव प्राण्यांना किंवा पिकांवरच्या किडींना हे सोपं आहे. पण जो रोटिफर आजवर मोजक्याच माणसांनी पाहिलाय, त्याच्यासाठी 25 लेख आणायचे कुठून? संहितेच्या कलम 79 ची यादी नेमकी अशांसाठी आहे. यादी मंजूर झाली की तिच्या कक्षेतली, पण तिच्यात नसलेली नावं उपलब्ध राहत नाहीत, म्हणजे ती उकरून काढून कुणाला हुसकावता येत नाही.

दादागिरीबद्दल. हे कलम संहितेच्या चौथ्या आवृत्तीतलं, 1 जानेवारी 2000 पासून लागू. रोटिफरांची प्रस्तावित यादी 2012 मध्ये छापून आली. प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो, हरकतींसाठी 12 महिने मिळतात, निर्णय प्राणी-नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा असतो, आणि सुटलेलं नाव अपवाद म्हणून नंतर जोडायचीही सोय आहे. तरीही तुमची एक भीती मला मान्य आहे. बाद झालेलं एखादं नाव पुढे मूळ ठिकाणचं पाणी तपासून ओळखता आलंही असतं. ते नुकसान होईल. मला ते परवडतं, तुम्हाला कदाचित नाही.

आता डीएनए. ब्रॅकिओनस प्लिकॅटिलिस हे नाव म्यूलर या डॅनिश निसर्गअभ्यासकाचं, 1786 चं. मत्स्यबीज केंद्रांत माशांच्या पिल्लांना खाऊ घालतात तो हा रोटिफर. बरीच वर्षं त्याचे 'मोठा' आणि 'लहान' असे दोन वाण मानले जायचे. त्यातला लहान म्हणजे वेगळीच जाती, ब्रॅकिओनस रोटुंडिफॉर्मिस, हे 1995 मध्ये स्पष्ट झालं. 2017 च्या जनुकीय अभ्यासात तर या एका नावाआड 15 जाती निघाल्या. ठीक. पण त्या 15 पैकी म्यूलरनं पाहिलेली कोणती? हे कोणतंही सीक्वेन्सिंग यंत्र सांगणार नाही. ते माणसांनी एकदा ठरवून, पाळायचं असतं.

आणि नाव चुकलं की काय होतं ते टार्डिग्रेड या आठ पायांच्या सूक्ष्म प्राण्याच्या बाबतीत दिसलं. प्रयोगशाळांत वाढवला जाणारा हिप्सिबियस डुजार्डिनी, ज्याच्या जीनोमवरून (म्हणजे संपूर्ण जनुकसंचावरून) 2015 मध्ये केवढा वाद पेटला होता. (परकी जनुकं सहाव्या हिश्शाएवढी, असा दावा, बरीचशी भेसळ निघाली. तो विषय वेगळा.) 2018 मध्ये कळलं की तो डुजार्डिनी नव्हेच. ती तोवर नाव न मिळालेली जाती होती. तिला हिप्सिबियस एक्झेम्प्लारिस म्हटलं गेलं. जीनोम आधी, नाव मागाहून! आता त्याआधीचा कुठलाही लेख वाचताना प्राणी कोणत्या वाणाचा होता हे आधी शोधावं लागतं. डीएनए होतंच की तेव्हा. पाटी चुकीची होती.

राहता राहिला तुमचा शेवटचा टोमणा: नावामागे कंसात माणसाचं नाव लावणं ही निव्वळ मिरवण्याची हौस. केराटेला कॉक्लिॲरिस (गॉस, 1851) हे रोटिफराचं नावच घ्या. गॉसनं तिला ॲन्युरिया प्रजातीत ठेवलं होतं, पुढे ती केराटेलात गेली. कंस एवढंच सांगतो की मूळ प्रजाती दुसरी होती. जुन्या पुस्तकाची सूची चाळताना मी त्या कंसामुळेच 'के' सोडून 'ॲ' पासून सुरुवात करतो.

लेखातली ती दोन वाक्यं आज दुरुस्त केली आहेत.