फ्रीजची पाठवणी

१९९० साली आमच्या लग्नात सासऱ्यांनी दिलेला (हुंडा म्हणून नव्हे, प्रेमाने, हा खुलासा मी कुणी न विचारता करतो, यावरून काय ते समजावे) १६५ लिटरचा फ्रीज गेल्या चैत्रात, नेमका कैरीचे पन्हे करण्याच्या दिवशी, बंद पडला. दुरुस्तीवाल्याने मागचे झाकण थोपटून पाहिले आणि "काका, हा आर-१२वाला आहे, हा गॅस आता शोधूनही सापडायचा नाही," असे सांगून शंभर रुपये नेले.

भंगारवाला सहाशे द्यायला तयार होता. याचे तुम्ही नेमके काय करता, असे मी सहज विचारले, तेव्हा तो निरागसपणे म्हणाला, "आधी पाइप तोडायचा. फुस्स झालं की कॉम्प्रेसर काढायचा. आत तांबं असतं, साहेब."

त्या 'फुस्स'ने माझी झोप उडवली. आर-१२ हा ओझोनचा थर खाणारा वायू. त्याच्या जातभाईंना आवर घालण्यासाठी १९८७ साली मॉन्ट्रियलला जगाने करार केला. शिवाय हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींच्या घरात जातो आणि त्याचेच भाऊबंद फ्रीजच्या भिंतींतल्या फोममध्येही दडलेले असतात. हे सर्व मी मध्यरात्री पत्नीला उठवून सांगितले. "माझ्या बाबांनी दिलेली एकही वस्तू तुम्हाला धड दिसत नाही," एवढेच ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

मग मी कायद्याकडे वळलो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत. त्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि ती त्याने नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन पार पाडायची आहे. प्रमाणपत्रे मिळतात ती सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंची. म्हणजे जे भंगारवाल्याला पूर्वीपासून ठाऊक होते, तेच राजपत्रात आले. ठोक ग्राहकाने काय करावे, हेही नियमांत सांगितले आहे. माझ्यासारख्या एका फ्रीजच्या धन्यासाठी मात्र मला वेगळे कलम सापडले नाही.

उत्पादकाच्या हेल्पलाइनवरील मुलीने अत्यंत अदबीने अनुक्रमांक विचारला. तो ज्या पट्टीवर होता ती पट्टी गंजून १० वर्षे झाली होती. एका नोंदणीकृत पुनर्चक्रकाने तर अनुक्रमांकही विचारला नाही. "किती टन आहे?" असे त्याने विचारले, आणि फ्रीज एकच आहे हे कळताच, एक टनाच्या आत आमची गाडी निघत नाही, असे सांगून फोन ठेवला.

एक टन! मी सोसायटीच्या फलकावर आवाहन लावले. आठ दिवसांत पार्किंगमध्ये मिक्सर, कॉम्प्युटर, एक मुका रेडिओ आणि जुन्या पिक्चर ट्यूबचे पाच टीव्ही जमले. त्या ट्यूबच्या काचेत शिसे असते, असे मी सांगताच मुलांना तिथे खेळू देऊ नये असा ठराव झाला, आणि क्रिकेट बंद पडल्याबद्दल मुलांनी मला जबाबदार धरले. चार फ्रीजही आले, पण चारही कॉम्प्रेसरविना. शेजाऱ्यांनी सत्कर्माला हात लावण्यापूर्वी तांब्याचा निकाल लावला होता. सेक्रेटरींनी मला पार्किंग अडवल्याची नोटीस दिली. तिच्यावर माझ्याच आवाहनाचा जावक क्रमांक होता.

किराणा दुकानातला वजनकाटा आणून सारे मोजले, तर जेमतेम ३४० किलो भरले. मी त्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसलो असताना भंगारवाला फाटकाशी थांबला, ढीग न्याहाळला, आणि गाडी का येत नाही ते माझ्याकडून सविस्तर ऐकून घेतले.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "राहिलेलं माझ्याकडं आहे, साहेब. तुमच्याच सोसायटीतलं. किलोच्या भावानं विकत घ्या."