बत्ताशा जेवला का?

चौतीस वर्षं मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. समोर उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या मागं आणखी चाळीस ट्रॅक्टर, मधेच एखादी बैलगाडी, आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या डोळ्यात एकच संशय, की हा माणूस काटा मारतोय. तिथं राहून वजन, पावती आणि सही या तीन गोष्टींवर माझी जी श्रद्धा बसली ती बसलीच. निवृत्त होऊन सांगलीत गावभागातल्या घरी आलो तेव्हा वाटलं, आता साखरेचा आणि आपला संबंध संपला. (कारखान्यातल्या साखरेचा. रक्तातली आहेच, सकाळी एक गोळी चालू आहे.) आणि मग आमच्या बोक्याला साखर झाली.

पहिलं निदान डॉक्टरांनी नाही केलं, शेजारच्या आक्कांनी केलं. बोका दिवसातून तीनदा पाण्याची वाटी रिकामी करायला लागला होता, शिवाय तुळशीच्या कट्ट्यावरचं, बादलीतलं, मिळेल तिथलं पाणी प्यायचा. खायचा भरपूर आणि तरी वाळत चालला होता. मागचे पाय टाचा टेकवून, रबरी चपला घातल्यासारखा चालायचा. आम्हाला वाटलं, वय झालं. एके दिवशी आक्का भिंतीवरून वाकून परसातल्या त्याच्या ठरलेल्या कोपऱ्याकडं बघत म्हणाल्या, "मुंग्या लागल्यात बघा. आमच्या सासऱ्यांचं असंच झालतं."

बोक्याला टोपलीत घालून, वर चादर बांधून, रिक्षानं विश्रामबागेत नेलं. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ओढला.

"पेशंटचं नाव?"

"बत्ताशा."

त्यांनी पेन थांबवून आमच्याकडं पाहिलं. नऊ वर्षांपूर्वी नातीनं त्याला पांढरा, गोल आणि फुगीर बघून हे नाव ठेवलं, त्यात आमची काय चूक? साखर निघाली तीनशे ऐंशी. मी हबकलो. पण बाई म्हणाल्या, नुसत्या आकड्यावर जाऊ नका, रिक्षाच्या धक्क्यांनी आणि भीतीनंसुद्धा मांजराची साखर अशी चढते. मग लघवी तपासली, मागच्या काही आठवड्यांची सरासरी सांगणारी रक्ताची आणखी एक तपासणी केली, तेव्हा कुठं शिक्कामोर्तब झालं. मग त्या समजावून सांगायला लागल्या, "मध्यमवयीन, नसबंदी झालेला, घरात बसून खाणारा, वजन जास्त. अशा बोक्यांनाच हे जास्त होतं." हिनं वळून माझ्याकडं पाहिलं. एक मुद्दा सोडला तर सगळं जुळत होतं, आणि त्या मुद्द्याबद्दलही बाकावर बसलेल्या लोकांनी काय समज करून घेतला असेल कोण जाणे.

मला सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. बाई म्हणाल्या की मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही. गोडाची चव ओळखणारं त्यांचं जनुक केव्हाच निकामी झालंय. म्हणजे बघा, ज्या मुलखात नजर जाईल तिथं ऊस, जिथं चहात साखर कमी पडली तर पाहुणचारच कमी पडला असं धरतात, तिथं राहून ज्याला आयुष्यात एकदाही गोड म्हणजे काय ते कळलं नाही, त्यालाच साखर. आम्ही गूळ-पोळीपासून जिलबीपर्यंत सगळं भोगून घेतलंय. याला निदान एक पेढा तरी आवडायला हवा होता.

दूध-चपाती, दहीभात बंद. धान्य नाही असं पाऊच आणि त्यात उकडलेलं चिकन. लवकर सुरुवात केली, खाणं सांभाळलं, तर काही मांजरांची सुई पुढं सुटतेसुद्धा, असं बाई म्हणाल्या, आणि त्या आशेवर आम्ही रोज पाव किलो चिकन आणू लागलो. आमच्या घरी चिकन रविवारी, झालंच तर बुधवारी. त्यामुळं चिकनवाल्याला वाटतंय आमच्या जमिनीतून हायवे गेला. श्रावणात तर मी मागच्या परसात शेगडी मांडून, कुणी बघत नाही ना असं बघत चिकन उकडलं. घरात आम्ही शेंगांची आमटी खातोय आणि परसातून चिकनचा वास येतोय. गल्लीत जे व्हायचं ते नाव झालं.

सगळे विचारतात, सुई कशी टोचता? टोचण्यात काही नाही. मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, तंबूसारखी उभी राहते, त्यात केसासारखी सुई. बत्ताशा बशी चाटत असतो, त्याला पत्ताही लागत नाही. अवघड आहे ते टोचायच्या आधीचं. टोचायचं की नाही?

वेळेचा प्रश्न घरात एका संध्याकाळीच मिटला. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं. सकाळी सहाला नळाचं पाणी येतं, संध्याकाळी आठला हिची मालिका. म्हणून सात. आक्कांनी पंचांग बघून मान्यता दिली, कारण सोमवारचा राहुकाळ साडेसातला लागतो, सातची सुई त्याच्या आधी उरकते. तेव्हापासून आमच्या लग्नकार्यांना या साताची मुदत आहे. तासगावला मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात दुपारची अक्षता पडली, पहिल्या पंगतीला बसलो आणि साडेपाचला निघालो. "एवढी काय घाई?" "बोक्याला सुई आहे." तेव्हापासून मेहुणा माझ्याशी हळू आवाजात बोलतो.

पण सात वाजणं ही एक गोष्ट आणि सुई देणं ही दुसरी. मधे बोक्याची मर्जी आहे. बाईंनी आमच्यासाठी नियम लिहून दिलेत. आधी जेवण, मग सुई. पूर्ण जेवला तर दोन युनिट. जेवलाच नाही, किंवा मीटरवर दीडशेच्या खाली आलं, तर सुई ठेवून द्यायची आणि फोन. दिली की नाही हे आठवत नसेल तर द्यायची नाही. एक सुई चुकली म्हणून बोका मरत नाही, पण दोनदा पडली तर जाऊ शकतो.

"आणि अर्धंच खाल्लं तर?" मी विचारलं.

"तर फोन."

हे "अर्धं" मला चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं. अर्धं म्हणजे किती? मी स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा ताब्यात घेतला. बशीत ऐंशी ग्रॅम. खाऊन झालं की उरलेलं पुन्हा काट्यावर. पहिल्या संध्याकाळी उरलं चौतीस. म्हणजे सेहेचाळीस पोटात. ही म्हणाली, "अहो, पंखा चालू आहे. तेवढ्यात चिकन वाळलं नसेल का?" मी गप्प. नंबर लागेपर्यंत ऊस वाळतो आणि वजन घटतं, ही तक्रार मी हजारो शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकून घेतली होती आणि हजारो वेळा "पुढं चला" म्हणालो होतो. आता ती माझ्याच ओट्यावर आली. दुसऱ्या दिवसापासून पंखा बंद करून, घाम पुसत वजन घेतो. "काटा मारू नका हां," ही जाता-येता म्हणते.

शिवाय बत्ताशा फक्त आमच्याकडंच खातो हे गृहीत धरण्यात अर्थ नाही. एकदा आमच्या बशीला तोंड लावलं नाही, आम्ही फोन लावून बसलो, आणि तेवढ्यात साहेब भिंतीवरून मिशांना साय लावून उतरले. आक्कांकडं गेलो.

"एवढीशी दिली ओ," आक्का म्हणाल्या. "मुकं जनावर दारात बसलंय तर काय हाकलू?"

"एवढीशी म्हणजे किती?"

आक्कांनी चिमूट दाखवली, मग ती चिमूट हळूहळू मुठीएवढी झाली. त्यांनाही साखर आहे. जांभळाच्या बियांची पूड त्या रोज घेतात आणि बत्ताशालाही द्या म्हणून पुडी बांधून दिली होती. ती आमच्या कपाटात आहे. आता संध्याकाळी पावणेसातला मी भिंतीशी उभा राहून विचारतो, "आक्का, तुमच्याकडं काही झालं का?" आणि त्या तोंड वळवून "न्हाई" म्हणतात. त्या "न्हाई"च्या सुरावरून मी ग्रॅमचा अंदाज बांधतो.

नोंद ठेवायची पद्धत मीच घातली आणि तीच अंगाशी आली. भिंतीवर कॅलेंडर, त्यात हिचा दुधाचा हिशोब. एक लिटर असेल तर १, अर्धा असेल तर ½. मी त्याच चौकोनात सुईचे २ लिहायला लागलो, सकाळचा वर, संध्याकाळचा खाली. महिनाअखेर दूधवाला हिशोबाला आला. एरवी ही जेवढं सांगेल तेवढं घेणारा माणूस, पण त्या दिवशी कॅलेंडर बघून म्हणाला, "वहिनी, हे सगळं धरलं तर दिवसाला पाच लिटर होतंय. मी घातलंच नाही तेवढं." पैसे कमी घ्या म्हणून भांडणारा दूधवाला मी पहिल्यांदाच पाहिला. हे हसण्यावारी गेलं. पण एकदा सात वाजून गेले, वीज नव्हती, मी म्हणालो "तू दिलीस ना?", ही म्हणाली "तुम्ही दिलीत ना?", आणि बॅटरीच्या उजेडात चौकोनात एक २ दिसत होता. तो सकाळचा, संध्याकाळचा, की पाहुणे आले म्हणून घेतलेल्या दोन लिटर दुधाचा? त्या रात्री सुई दिली नाही. रात्रभर आम्ही दोघं आळीपाळीनं उठून बोका बघत होतो, आणि बोका झोपमोड झाली म्हणून आमच्याकडं बघत होता. आता लाल पेन, वेगळी वही, वेळ आणि सही. पावती फाडायची तेवढी बाकी आहे.

औषधाच्या दुकानातही एकदा थोडक्यात वाचलो. आमचं इन्सुलिन शंभराचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये शंभर युनिट. त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. आपल्याकडं चाळीसाचं इन्सुलिनही सर्रास मिळतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. दुकानातल्या पोरानं लाल काढून दिली. त्या सिरिंजवर दोनच्या खुणेपर्यंत भरलं असतं तर बत्ताशाच्या अंगात पाच युनिट गेली असती, अडीचपट. काटा चुकीचा असला की प्रामाणिक माणूससुद्धा चुकीचंच वजन करतो, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी ती परत केली. तेवढ्यात मालक आले. "पेशंटचं वय काय, काका?" "नऊ." त्यांचा चेहरा उतरला. "एवढ्या लहान पोराला! काय एकेकाचं नशीब." आणि बिलातून वीस रुपये कमी केले. खरं सांगायला माझं तोंड उघडलंच नाही. आता दर वेळी ते विचारतात, "बाळ कसं आहे?" आणि मी म्हणतो, "खातंय."

हसू बाहेर न येण्यासारखी रात्र एकच. सात वाजता पूर्ण जेवला, सुई दिली, आणि साडेसातला सगळं ओकला. दहाच्या सुमारास पलंगाखालून बाहेर आला तो दारू प्यायल्यासारखा. एका बाजूला कलला, सावरला, पुन्हा कलला, आणि माझ्याकडं बघितलं ते माझ्या आरपार. साखर उतरली तर हिरड्यांना मध चोळा, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. मधाच्या बाटलीचं झाकण साखर धरून घट्ट बसलेलं. माझा हात पडला काकवीच्या बाटलीवर, आदल्या आठवड्यात गुऱ्हाळावरून आणलेली. बोट बुडवलं, हिरड्यांवर चोळलं, तोवर ही ग्लुकोजचं पाणी घेऊन आली. एका हातानं फोन, दुसऱ्या हाताची बोटं चिकट. साधारण पाऊण तासानं त्यानं मान वर केली, माझं बोट हुंगलं, आणि काही विशेष नाही असं ठरवून अंग चाटायला लागला. गोड कळत नाही ना. उसाचा रस काढणाऱ्या कारखान्यात आख्खी हयात गेली, पण साखरेनं कुणाला शुद्धीवर आणताना मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं. माझ्या हातापायातलं पाणी मात्र पहाटेपर्यंत परत आलं नाही.

तेव्हापासून दर संध्याकाळी आधी कान. गरम फडकं लावून कान कोमट करायचा, कडेच्या शिरेला टोचायचं, मोहरीएवढा थेंब आला की मीटरची पट्टी. घरी, स्वतःच्या चादरीवर, बत्ताशाची साखर दवाखान्यातल्यापेक्षा कितीतरी कमी निघते. आमचीही निघेल, पण आमची बघतो कोण.

या ऑगस्टमध्ये कोयनेतून पाणी सोडलं आणि गल्लीचं सगळं लक्ष आयर्विन पुलाकडं लागलं. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका, हे आमच्याकडं पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. 2019 साली पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा बत्ताशाला पिशवीत घालून बाहेर काढलं होतं. तेव्हा त्याला सुई नव्हती. या वेळी मी बोक्याची वही, सिरिंज आणि इन्सुलिनची बाटली एका डब्यात भरून दाराशी ठेवली. वीज गेली होती, पण उघडलेली बाटली फ्रिजबाहेर काही दिवस टिकते असं बाईंनी सांगितलं होतं, म्हणून त्या काळजीतून सुटलो. माझे स्वतःचे कागद कुठं आहेत हे हिनं दोनदा विचारलं.

सात वाजले. व्हरांड्यात बॅटरी दातात धरून मी बत्ताशाच्या कानावर वाकलो होतो. पाऊस थोडा उघडला होता, सगळी गल्ली दारात उभी. आक्कांचा मुलगा पुलावर पाणी बघायला गेलेला, त्याची वाट बघत. मीटर वाजला. आतून हिनं मोठ्यानं विचारलं, "किती ओ?"

बॅटरी तोंडातून काढून मीही तेवढ्याच मोठ्यानं ओरडलो, "दोनशे बारा!"

गल्ली एकदम गप्प झाली. कुणीतरी "अगं आई गं" म्हटलेलं ऐकू आलं. मग अंधारातून आक्कांचा आवाज आला.

"बोक्याचं सांगालेत ओ काटेसाहेब. घाबरू नका." आणि जरा थांबून भिंतीच्या अगदी जवळून, "जेवला का पण? मी आज काय दिलं न्हाई."