मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

क्रेडिट कार्ड घेताना माणसं एकच प्रश्न विचारतात: "वार्षिक फी किती?" लाइफटाइम फ्री असेल तर लगेच घ्यायचं, नसेल तर फोनवरच्या माणसाशी हुज्जत घालायची. मला हे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा यातलं वाटतं. खरं तर वार्षिक फी ही कार्डावरची सगळ्यात सरळ फी. आधी सांगून घेतात, वर्षातून एकदाच घेतात आणि परवडत नसेल तर कार्ड बंद करता येतं. मोठा पैसा जातो तो भलतीकडूनच.

ओळखीतली मंडळी अधूनमधून मला बिलाचे फोटो पाठवतात. "जरा बघ ना, हे एवढे पैसे कशाचे लावलेत?" बहुतेक वेळा उत्तर तेच निघतं. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसतं. "अरे, पण भरलं होतं की! थोडंच राहिलं होतं."

या 'थोडंच राहिलं'वर मला आज लिहायचंय.

कार्डावर ४५-५० दिवस बिनव्याजी मिळतात हे सगळ्यांना पाठ असतं. त्यामागची अट फार कमी जणांनी वाचलेली असते: आधीचं बिल शेवटच्या तारखेच्या आत पूर्ण भरलेलं हवं. 'जवळजवळ पूर्ण' चालत नाही. थोडी जरी बाकी राहिली तरी सवलत जाते. मग बऱ्याच कार्डांवर व्याज उरलेल्या रकमेपुरतं मोजत नाहीत. ज्या दिवशी खरेदी केली त्या दिवसापासून, अख्ख्या खरेदीवर मोजतात.

आकडे घालून बघा. ५ जूनला ४०,००० ची खरेदी केली. ३० जूनला बिल आलं, भरायची शेवटची तारीख २० जुलै. त्या दिवशी ३८,००० भरले, २,००० पुढच्या महिन्यावर ढकलले. व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के धरू, म्हणजे वर्षाला ४२. आपला हिशेब काय असतो? दोन हजारांवर साडेतीन टक्के, सत्तर. जाऊ दे. पण बिलावर येतं ते ४०,००० वर ५ जून ते २० जुलै असं ४५ दिवसांचं व्याज: २,०७१. त्यात उरलेल्या दोन हजारांचं जुलैअखेरपर्यंतचं पंचवीसेक. म्हणजे दोन हजार थकवले आणि त्यापायी दोन हजारांहून जास्त व्याज बसलं! वर जुलैत जे काही कार्डावर घेतलं असेल, त्यालाही पहिल्या दिवसापासून मीटर चालू.

हे बेकायदा आहे का? देशावर अवलंबून आहे. अमेरिकेत २००९ च्या क्रेडिट कार्ड कायद्यानं हा प्रकार बंद केला. मुदतीत जेवढी रक्कम भरली, तेवढ्या भागावर व्याज लावता येत नाही. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं. त्यामुळे "हिशेबाची पद्धतच अशी असते हो" असं कुणी समजावून सांगायला लागलं की मला पटत नाही. पद्धत माणसांनीच ठरवलेली असते. आपल्या कार्डाची कोणती आहे ते अटींच्या कागदात 'वित्त शुल्क' किंवा 'फायनान्स चार्जेस'खाली लिहिलेलं असतं, बहुधा एक उदाहरणही सोडवून दाखवलेलं असतं. बाकीचा कागद वाचला नाहीत तरी चालेल, ते उदाहरण तेवढं वाचा.

आता 'मिनिमम ड्यू', म्हणजे किमान देय रक्कम. बिलावर एकूण रकमेच्या शेजारीच ती दिमाखात बसलेली असते. ही भरली की विलंब शुल्क लागत नाही, खातं थकीत धरलं जात नाही. बस, एवढंच. व्याज चालूच राहतं. बाकी ४०,०००, किमान देय पाच टक्के, म्हणजे २,०००. ते भरले, ३८,००० उरले, त्यावर महिन्याचं व्याज १,३३०. पुढचं बिल ३९,३३०. दोन हजार गेले आणि कर्ज उतरलं ६७०. कार्ड कपाटात ठेवून, एक पैशाची नवी खरेदी न करता वर्षभर असंच भरत राहिलात तर खिशातून २२ हजारांच्या आसपास जातील आणि बाकी तरीही ३२ हजारांच्या वर असेल. व्याजावर किंवा शुल्कावर कर लागत असेल तर तो वेगळाच.

लोकांना अक्कल नसते म्हणून ते किमान रक्कम भरतात, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. वॉरिक विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ नील स्टुअर्ट यांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. लोकांना नमुन्याचं बिल दाखवून किती भराल असं विचारलं. काहींच्या बिलावर किमान रक्कम छापलेली होती, काहींच्या नव्हती. जे पूर्ण रक्कम भरणार नव्हते, त्यांच्यापैकी ज्यांना किमान आकडा दिसला त्यांनी कमी रक्कम सांगितली. छापलेल्या छोट्या आकड्याकडे मन ओढलं जातं, आणि ते तुमचं, माझं, सगळ्यांचं जातं. बिल छापणाऱ्यांना हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

म्हणून आज एकच काम करा. बँकेच्या ॲपमध्ये ऑटो-पे, म्हणजे बिल खात्यातून आपोआप भरायची सोय, उघडा. तिथे दोन पर्याय असतात, 'टोटल अमाउंट ड्यू' आणि 'मिनिमम अमाउंट ड्यू'. कित्येकांनी ऑटो-पे लावलेलं असतं, ते निर्धास्तही असतात, आणि खूण असते दुसऱ्या पर्यायावर! ती पहिल्यावर आणा. मात्र त्या तारखेला खात्यात पैसे असू द्या. नाहीतर ऑटो-पे परत गेल्याचा दंड आणि विलंब शुल्क दोन्ही बसतात. पगाराची तारीख आणि बिलाची तारीख जुळत नसेल तर बिलाची तारीख बदलून मागा, बऱ्याच बँका देतात.

विलंब शुल्काबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये हे शुल्क कायद्याच्या दृष्टीनं व्याजातच मोडतं असा निकाल दिला. व्याजाला तिकडे बँकेचं मुख्यालय ज्या राज्यात तिथले नियम लागतात. त्यामुळे या दंडासाठीही तेच नियम तिच्या देशभरच्या ग्राहकांना लागू झाले आणि त्यानंतर तिकडे हे दंड वाढत गेले. भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे शेवटची तारीख उलटून तीनपेक्षा जास्त दिवस झाले तरच विलंब शुल्क लावता येतं. पण व्याज त्या तीन दिवसांसाठी थांबत नाही, हे लक्षात ठेवा. दंड बसलाच आणि आधीचा इतिहास चांगला असेल तर सरळ फोन करून माफ करायला सांगा. पहिल्या वेळी पुष्कळदा करतात. मागितलं नाही तर कोण कशाला देईल?

एटीएममधून क्रेडिट कार्डानं पैसे काढू नका. इथे बिनव्याजी दिवस मुळातच नसतात, शुल्क जागच्या जागी लागतं आणि व्याज त्याच दिवसापासून. वॉलेट भरणं, पैसे पाठवणं हेही काही कार्डांवर रोख काढल्यासारखंच धरतात.

परदेशात मशीन विचारतं: "तुमच्या चलनात देणार की इथल्या?" आपलं चलन ओळखीचं म्हणून माणूस तेच दाबतो. दाबायचं तिथलं. आपलं दाबलं की विनिमय दर ठरवतो तो दुकानदाराच्या बाजूचा मध्यस्थ, आणि तो आपला नफा त्यात घालूनच ठरवतो. घरी बसून परदेशी वेबसाइटवर खरेदी केली तरी परकीय व्यवहाराचं शुल्क लागू शकतं. किंमत आपल्या चलनात दिसत असली तरीसुद्धा.

'नो कॉस्ट ईएमआय', म्हणजे बिनव्याजी म्हणून दिलेले हप्ते, दिसला की दोन गोष्टी विचारा: प्रोसेसिंग फी किती, आणि एकरकमी पैसे दिले तर सूट किती मिळाली असती. उत्तरं ऐकून मग ठरवा.

जे आधीच व्याजाच्या फेऱ्यात आहेत त्यांच्यासाठी. बाकी फिटेपर्यंत त्या कार्डावर नवी खरेदी बंद. किराणासुद्धा नाही, कारण त्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज आहे. हातात पैसे आले की शेवटच्या तारखेची वाट न बघता भरा. व्याज दिवसावर चालतं, दहा दिवस आधी भरलेले पैसे दहा दिवसांचं व्याज वाचवतात. आणि सगळं फेडल्यावर पुढच्या बिलात पुन्हा थोडं व्याज दिसलं तर घाबरू नका, भांडूही नका. बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते असतं. मात्र तेही पूर्ण भरा. तो आकडा किरकोळ म्हणून सोडला तर बाकी पुन्हा उभी राहते.